पुस्तकातला पक्षी बसलेला, समुद्रावरचा उडणारा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत सागरी पक्षी ओळखण्यासाठी फील्ड गाइड, म्हणजे पक्षी ओळखायचे सचित्र पुस्तक, कसे निवडावे, यावर लेख आला. हा विषय मराठीत फारसा निघत नाही, त्यामुळे तो आवर्जून वाचला. लेखात तीन सूचना आहेत. सर्वांत सुरेख चित्रांचे पुस्तक घ्यावे, चित्राशी रंग जुळवून पाहावा, आणि चित्राखालच्या सेंटिमीटरवरून आकाराचा अंदाज बांधावा. झाडावर बसलेल्या पक्ष्याला त्या लागू पडतात. समुद्रावर मात्र तिन्ही दगा देतात, आणि का देतात ते कळले तर पुस्तक निवडण्याची आणि वापरण्याची रीतच बदलते. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

सेंटिमीटरपासूनच सुरुवात करू. पुस्तकातली 'लांबी' म्हणजे चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतचे अंतर. शेपटीची मधली पिसे लांबलचक वाढत असतील तर ती त्यात धरली आहेत की नाही, हे प्रत्येक पुस्तक आपल्या मर्जीने ठरवते, आणि तसे स्पष्ट लिहितेच असे नाही. स्कुआ या समुद्रपक्ष्यांच्या तीन छोट्या जाती घ्या: लाँग-टेल्ड, आर्क्टिक आणि पोमेराइन. लाँग-टेल्ड स्कुआची लांबी शेपटीसकट पन्नास सेंटिमीटरच्या आसपास भरते. आर्क्टिक स्कुआची अनेक ठिकाणी पंचेचाळीसच्या आसपास दिलेली असते. आकड्यांवर विसंबणारा पहिल्याला मोठा समजणार. प्रत्यक्षात तो तिन्ही छोट्या स्कुआंमध्ये सर्वांत नाजूक, साधारण ३०० ग्रॅमचा. आर्क्टिक ४५० ग्रॅमच्या घरातला आणि पोमेराइन ७०० च्या. म्हणून पुस्तक चाळताना लांबीपेक्षा पंखविस्तार आणि वजन दिले आहे का, ते आधी पाहावे. वजन विशेष उपयोगी, कारण पक्षी हवेत कसा वागतो ते त्यावर ठरते. सात-आठशे ग्रॅमचा पोमेराइन छाती पुढे काढून जड, एकसंध चालीने जातो, तर लाँग-टेल्ड सुरय पक्ष्यासारखा हलका तरंगतो.

शिवाय उघड्या पाण्यावर मोजमापाला आधार कशाचा? शेजारी झाड नाही, खांब नाही. तीनशे मीटरवरचा मोठा पक्षी आणि दीडशे मीटरवरचा छोटा पक्षी दुर्बिणीत सारखेच दिसतात. जवळपास ओळखीचा दुसरा पक्षी असेल तरच आकाराविषयी बोलावे, आणि तेही 'त्या कुरवापेक्षा लहान' अशा भाषेत. नुसते 'मध्यम आकाराचा' असे वहीत लिहिले तर ती नोंद कोणाच्या कामाची नाही.

आता रंग. सागरी पक्ष्यांची बरीच जुनी चित्रे संग्रहालयातल्या कातड्यांवरून, म्हणजे भरून ठेवलेल्या मृत पक्ष्यांवरून, काढलेली आहेत. कातडे भरताना पंख अंगाशी मिटवतात. पंखाखालचा नमुना, जो समुद्रावर सर्वांत जास्त कामाला येतो, तोच नेमका झाकला जातो. चोच, पाय आणि डोळ्याभोवतीची कातडी वाळून काळपट होते. काळी पिसे वर्षानुवर्षांनी तपकिरीकडे झुकतात. चित्रकार कितीही निष्णात असला तरी समोर जे आहे तेच रंगवणार. नव्या पुस्तकांतली बहुतेक चित्रे समुद्रावरच्या छायाचित्रांचा आधार घेऊन काढलेली असतात, त्यामुळे हा दोष कमी झाला आहे. छायाचित्रांच्या पुस्तकाला वेगळी खोड असते. छायाचित्र एका पक्ष्याचे, एका उजेडातले, एका क्षणाचे. चित्र अनेक पक्ष्यांचा मध्यम काढून दाखवते. दोन्ही प्रकारचे एकेक पुस्तक जवळ असावे. एकच घेणे शक्य असेल तर चित्रांचे घ्यावे, पण त्यात प्रत्येक जातीचा पक्षी पंख पसरून वरून आणि खालून, असा दोनदा दाखवलेला हवा. बसलेली चित्रे जास्त आणि उडणारी कमी असतील तर ते पुस्तक किनाऱ्यावरच्या पक्ष्यांसाठी केलेले आहे, मुखपृष्ठावर काही का लिहिलेले असेना.

जिवंत पक्ष्याचा रंगही वर्षभर एक राहत नाही. पेट्रेल हे खुल्या समुद्रावरचे पक्षी. त्यांतल्या टेरोड्रोमा गटाच्या पाठीवर नव्या पिसांत राखाडी झाक असते आणि त्यावर दोन्ही पंखांना जोडणारा गडद 'एम' ठळक उठून दिसतो. पिसे झिजली की ती झाक निघून जाते, खालचा तपकिरी रंग वर येतो आणि 'एम' पुसट होत होत जवळजवळ नाहीसा होतो. पुस्तकात केवळ ताज्या पिसांचे चित्र असेल तर वाचक झिजलेल्या पक्ष्याला दुसरीच जात ठरवून मोकळा होतो. उजेडाचे म्हणाल तर सूटी शिअरवॉटर या पेट्रेलांच्याच नात्यातल्या पक्ष्याच्या पंखाखालची रुपेरी चमक ढगाळ दिवशी मळकट पट्टा होते. उलट शॉर्ट-टेल्ड शिअरवॉटरचा करडा पंख तिरप्या उन्हात पांढरा भासतो. या दोघांना निव्वळ त्या चमकेवरून वेगळे करणारे पुस्तक वाचकाला गोत्यात आणते. डोक्याचा उतार आणि चोचीची लांबी यांची जोड दिल्याशिवाय तिथे नाव घेऊ नये. ती जोड देऊनही पुष्कळदा 'दोहोंपैकी एक' असेच लिहावे लागते.

यापेक्षा मोठा घोटाळा पिसे बदलण्याचा, ज्याला पक्षीनिरीक्षक सर्रास 'मोल्ट' म्हणतात. पंखाच्या टोकाकडची दहा मोठी उड्डाणपिसे, म्हणजे प्रायमरी, पेट्रेल वर्गात आतून बाहेर अशा क्रमाने गळतात आणि उगवतात. मधली दोन-तीन पिसे नसली की पंखाला खिंड पडते. बाहेरची पिसे अर्धवट वाढलेली असली की टोकदार पंख बोथट दिसतो. पंखावरची आच्छादक पिसे गळाली की खालच्या पिसांचे फिके बुंधे उघडे पडून पांढरी रेघ दिसू लागते. नवख्याला ती रेघ हमखास 'खूण' वाटते. पंखाचा आकार हीच पहिली खूण मानायची, तर तो आकार बदललेला असण्याचे महिने पुस्तकात असायलाच हवेत. आमच्या मते पुस्तकाची ही सर्वांत कडक परीक्षा. दुकानात उभ्या उभ्या कोणत्याही एका स्टॉर्म पेट्रेलचे पान उघडावे आणि मजकुरात मोल्टचे महिने शोधावेत. सापडले तर लेखकाने समुद्रावर दिवस काढले आहेत असे समजावे.

स्टॉर्म पेट्रेलच का, ते सांगतो. ही चिमणीपेक्षा थोडी मोठी, काळपट पाखरे, कमरेवर पांढरा पट्टा. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल साधारण १७ सेंटिमीटर लांब आणि ३५-४० ग्रॅम वजनाचे. बहुतेक पुस्तके त्याची खूण म्हणून बोटांमधला पिवळा पडदा ठळक अक्षरात छापतात. खूण खरी आहे, पण हलत्या होडीवरून तो पडदा दिसण्याचा योग इतका दुर्मीळ की ती खूण नसल्यातच जमा. त्यानंतर येते 'पाय शेपटीच्या बाहेर डोकावतात'. हेही खरे, मात्र पक्षी कधीकधी पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतो. तेव्हा पाय दिसले तर मुद्दा भक्कम, न दिसले तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. कामाच्या खुणा वेगळ्याच आहेत. खांद्यापासून मनगटापर्यंतचा (मनगट म्हणजे पंख जिथे मोडतो तो सांधा) पंख आखूड आणि मागची कड बरीचशी सरळ. कमरेचा पांढरा पट्टा रुंद, दोन्ही बाजूंनी खाली शेपटीच्या बुडाशी उतरलेला, त्यामुळे बाजूने आणि खालूनही दिसणारा. शेपटी सरळ कापलेली. उडणे पाकोळीसारखे, भरभर पंख मारून मग थोडे तरंगणे, आणि खाद्य मिळाले की पंख वर धरून पाण्यावर पाय टेकत नाचणे.

लीचेस स्टॉर्म पेट्रेलचा पंख लांब आणि मनगटात चांगला मोडलेला असतो. पंखावरचा फिका पट्टा पुढच्या कडेपर्यंत पोहोचतो, विल्सन्सचा अलीकडेच थांबतो. शेपटीला खाच असते. कमरेचा पांढरा पट्टा बहुतेकदा मधल्या काळसर रेघेने दुभंगलेला असतो, आणि बाजूला फारसा उतरत नाही. उडताना तो एकदम दिशा बदलतो, उसळतो, पंखांचा ठोका खोल असतो. युरोपियन स्टॉर्म पेट्रेल या दोघांपेक्षा लहान, वटवाघळासारखा सारखा फडफडणारा, आणि पंखाखाली पांढरी पट्टी असलेला. ती पट्टी दिसली की काम झाले. न दिसली तर मात्र 'पट्टी नाही' असे लिहू नये, 'पंखाखालची बाजू पाहता आली नाही' असे लिहावे. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि नोंदी तपासणारे त्याच ठिकाणी पहिले बोट ठेवतात.

इथे मोल्ट कसा उपयोगी पडतो पाहा. विल्सन्स दक्षिण गोलार्धात वीण करतो आणि उत्तरेकडच्या उन्हाळ्यात उत्तर गोलार्धात येऊन पिसे बदलतो. लीचेस उत्तरेत वीण करतो, त्याची प्रौढ मंडळी पंखाची मोठी पिसे विणीनंतर बदलू लागतात. म्हणजे उत्तर अटलांटिकवर जूनमध्ये पंखाला मोठी खिंड पडलेला, पांढऱ्या कमरेचा स्टॉर्म पेट्रेल दिसला तर विल्सन्सची शक्यता आधी धरावी. लीचेसचे पहिल्या वर्षातले, वीण न करणारे पक्षी लवकर पिसे बदलतात, तेव्हा हा शेवटचा पुरावा नव्हे. पण नुसत्या रंगावर अडलेला वाचक याने एक पाऊल पुढे जातो. अझोर्स बेटांवरच्या माँटेरोज स्टॉर्म पेट्रेलला तर २००८ मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली ती याच प्रकारच्या पुराव्यामुळे. त्याच बेटांवर थंडीत वीण करणाऱ्या भाऊबंदांपेक्षा त्याचा विणीचा हंगाम वेगळा, म्हणून पिसे बदलण्याचा काळ वेगळा, आणि हाकही वेगळी. समुद्रावर दोघे शेजारी उडाले तर रंगावरून कोण कोणता ते सांगता यायचे नाही.

स्कुआंकडे परत येऊ. लेखात म्हटले आहे की शेपटीच्या लांब पिसांवरून तिन्ही जाती 'चटकन' ओळखू येतात. विणीच्या हंगामातल्या प्रौढ पक्ष्याची ती पिसे शाबूत असतील तर येतात. पोमेराइनची पिसे चमच्यासारखी रुंद आणि पिळलेली, आर्क्टिकची टोकदार, लाँग-टेल्डची चाबकासारखी लांब. पण ही पिसे तुटतात, गळतात, आणि पहिल्या वर्षाच्या पक्ष्याला ती धड नसतातच. शिवाय या पक्ष्यांत फिका आणि गडद असे रंगभेद आहेत, अवयस्क पक्षी तर कोणत्याही दोन सारखे नसतात. तेव्हा पंख उघडा असताना वरच्या बाजूने बाहेरच्या प्रायमरींचे पांढरे दांडे मोजावेत. लाँग-टेल्डला बहुतेकदा सर्वांत बाहेरचे दोनच दांडे ठळक पांढरे असतात. आर्क्टिकला त्याहून जास्त आणि पोमेराइनला आणखी जास्त. दुर्बिणीतून हे मोजणे कठीण, छायाचित्रातून सोपे. खालच्या बाजूने अवयस्क पोमेराइनला एकाऐवजी दोन फिके ठिपके दिसतात, एक प्रायमरींच्या बुंध्याशी आणि दुसरा त्यालगतच्या आच्छादक पिसांवर चंद्रकोरीसारखा. अवयस्क आर्क्टिकला असा दुसरा ठिपका क्वचितच स्पष्ट असतो. 'क्वचितच' हा शब्द चांगल्या पुस्तकात जागोजागी भेटतो. 'कधीच नाही' आणि 'नेहमी' यांची पेरणी असलेल्या पुस्तकापासून लांब राहावे.

समुद्री सुरयांविषयी थोडक्यात. ब्रायडल्ड आणि सूटी या दोन काळ्या-पांढऱ्या सुरयांत कपाळाचा पांढरा भाग बघायचा. ब्रायडल्डला तो अरुंद भुवई होऊन डोळ्याच्या मागे जातो, सूटीला डोळ्यापाशी थांबतो. ब्रायडल्डची पाठ तपकिरी-राखाडी, मानेवर फिकट. सूटीची पाठ टोपीइतकीच काळी. इथवर बहुतेक पुस्तके नीट सांगतात. सूटीचे पिल्लू मात्र काळपट चॉकलेटी आणि पाठीवर पांढरे ठिपके असलेले असते, त्यामुळे ते नॉडी, म्हणजे तपकिरी रंगाचा दुसरा समुद्री सुरय, समजले जाते. त्याचा पोटाखालचा, शेपटीच्या बुडाशी असलेला पांढुरका भाग आणि पंखाखालचा फिका भाग पाहावा. नॉडीला तिथे सगळीकडे तपकिरी, आणि शेपटी पाचरीसारखी, टोकाशी किंचित खाचेची. पिल्लाचे वेगळे चित्र नसेल तर पुस्तक अपुरे, इतके साधे.

आता वारा. पुस्तकात 'उंच कमानी घेत उडतो' असे लिहिलेले असते, पण किती वाऱ्यात? शिअरवॉटर आणि पेट्रेल लाटांवरच्या वाऱ्याच्या वेगातला फरक वापरून पंख न हलवता जातात. पाण्यालगत वारा मंद, वर जोरात. पक्षी वाऱ्याच्या तोंडाकडे वळून वर चढतो, मग वळण घेऊन वाऱ्यासोबत खाली सुटतो. वारा दहा नॉटच्या (ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटरच्या) खाली असला की हे जमत नाही, आणि एरवी रुबाबात तरंगणारा शिअरवॉटर बदकासारखा पंख मारत पाण्यालगत जातो. पंचवीस नॉटला, म्हणजे वाऱ्याच्या बोफर्ट मापश्रेणीत सहाला, तोच पक्षी लाटेच्या कितीतरी वर कमान घेतो. टेरोड्रोमा पेट्रेल त्याच वाऱ्यात त्याहून उंच आणि तीव्र कमान घेतात. म्हणून तुलना नेहमी एकाच वाऱ्यातली हवी. ज्या पुस्तकात उडण्याच्या वर्णनासोबत मंद वारा आणि जोराचा वारा असे दोन भाग केलेले असतील, ते कागद-छपाई साधी असली तरी घ्यावे.

निरीक्षकाची जागाही चित्र बदलते. समुद्रसपाटीपासून डोळा दोन मीटरवर असेल तर क्षितिज पाच किलोमीटरवर. पंचवीस मीटरच्या कड्यावरून ते जवळपास अठरा किलोमीटरवर जाते. मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाला ३.५७ ने गुणले की किलोमीटर मिळतात. पण उंचावरून पक्षी पाण्याच्या पार्श्वभूमीवर, वरून दिसतो. खालून तोच आकाशावर काळा आकार होतो, आणि दोन मीटरच्या लाटेमागे निम्मा वेळ गडप असतो. म्हणजे कड्यावरून पंखाच्या वरच्या खुणा पाहायच्या आणि होडीतून मुख्यतः आकार व चाल. काय पाहता येणार हे आधी ठाऊक असले की न दिसणाऱ्या खुणेसाठी डोळे ताणावे लागत नाहीत. होडीवर ८ पट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण बरी. दहा पटीत हातांचा कंपही वाढतो. टेलिस्कोप किनाऱ्यावरच ठेवावा.

पुस्तक वापरण्याविषयी एकच नियम सांगायचा तर पक्षी दिसत असताना ते उघडू नये. सागरी पक्षी दहा-पंधरा सेकंद मिळतो. त्यातले आठ सेकंद पाने उलटण्यात गेले तर उरले काय? आणि चित्र एकदा पाहिले की आठवण त्या चित्रासारखी होते, मग जे दिसलेच नव्हते तेही 'दिसले' असे मन सांगू लागते. त्यापेक्षा बघता बघता मोठ्याने बोलावे आणि फोनवर किंवा शेजाऱ्याकरवी टिपून घ्यावे. क्रम ठरलेला असावा: पंखाची लांबी-रुंदी आणि मनगटातला कोन, किती ठोके आणि मग किती वेळ तरंगणे, शेपटीचा आकार, पंखाची खालची बाजू, वरची बाजू, कंबर, आणि सर्वांत शेवटी डोके व चोच. बहुतेक जण नेमके उलटे, चोचीपासून सुरू करतात आणि चोच दिसेपर्यंत पक्षी निघून जातो. पक्षी गेल्यावर आधी ओबडधोबड रेखाटन, त्यावर बाण, वाऱ्याचा वेग, उजेडाची दिशा, वेळ. मगच पुस्तक. होडीवर इतरांना दाखवताना नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, दिशा बारा वाजता धरून 'तीन वाजता, क्षितिजाच्या खाली, उजवीकडे चालला' अशी भाषा वापरावी. 'तो बघा, तो तिकडे' म्हटल्याने आजवर कोणाला पक्षी दिसलेला नाही.

छायाचित्र घेणाऱ्यांनी शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावे आणि लागोपाठ फ्रेम घ्याव्यात. गडद पाण्यावरच्या पांढऱ्या पक्ष्याला उजेड थोडा कमी करावा, नाहीतर पांढरा भाग फुटून शेजारची काळी किनार खाऊन टाकतो आणि पंखाच्या कडेची जाडी खोटी दिसते. फिक्या आभाळावरच्या काळ्या पक्ष्याला उलट एक पायरी वाढवावा. धूसर फ्रेमही पुसू नयेत. पंखाखालचा निर्णायक नमुना अनेकदा सुरेख फ्रेमच्या मागच्या-पुढच्या अस्पष्ट फ्रेममध्येच सापडतो. न्यूझीलंड स्टॉर्म पेट्रेल ही जात एकोणिसाव्या शतकातल्या अवघ्या तीन कातड्यांवरून माहीत होती आणि नामशेष समजली जात होती. २००३ मध्ये समुद्रावर पोटावर रेषा असलेले पक्षी दिसले, त्यांची छायाचित्रे जुन्या कातड्यांशी ताडून पाहिली गेली, आणि पुढे २०१३ मध्ये लिटल बॅरियर बेटावर त्यांची वीण सापडली. 'काहीतरी विचित्र विल्सन्स' म्हणून फ्रेम पुसल्या असत्या तर ताडायला काय होते? कातड्यांचेही तसेच. १९६३ मध्ये मिडवे बेटावर मिळालेला एक छोटा शिअरवॉटर संग्रहालयाच्या खणात दुसऱ्याच नावाने पडून होता. ब्रायन्स शिअरवॉटर म्हणून त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले २०११ मध्ये.

त्यामुळे पुस्तकाच्या सालाला महत्त्व आहे. जगातल्या सगळ्या समुद्रपक्ष्यांना एका हाताळता येण्याजोग्या पुस्तकात आणण्याचा गाजलेला प्रयत्न डब्ल्यू. बी. अलेक्झांडर यांनी १९२८ मध्ये केला. पीटर हॅरिसन यांचे मार्गदर्शक १९८३ मध्ये आले आणि होडीवर जाणाऱ्या पिढ्या त्यावर पोसल्या. त्यांच्याच सहभागाचे, पूर्णपणे नव्याने केलेले पुस्तक २०२१ चे आहे. मधल्या काळात एकाच नावाखाली असलेल्या कित्येक जाती वेगळ्या झाल्या. कोरीज शिअरवॉटरमधून स्कोपोलीज वेगळा निघाला, आणि त्याची खूण म्हणजे पंखाखालचा पांढरा रंग प्रायमरींवर बोटांसारखा पुढे शिरलेला. जुन्या पुस्तकात या खुणेला चित्रच नाही, कारण गरजच नव्हती. जुने पुस्तक टाकून देऊ नये, त्यातली चालीची वर्णने अजून सोन्यासारखी आहेत. नावे मात्र नव्या यादीशी पडताळून पेन्सिलीने दुरुस्त करावीत. पेन्सिलीनेच. शाई पहिल्या तुषाराला पसरते.

नकाशांवर लेखात भर आहे, तिथे मतभेद नोंदवतो. जमिनीवरच्या पक्ष्याचा नकाशा अधिवास दाखवतो. समुद्रावर एकच निळा रंग फासलेला नकाशा फार थोडे सांगतो, कारण पक्षी पाण्याच्या खोलीला आणि प्रवाहांना धरून असतात. खंडाच्या उथळ बैठकीचा कडा, जिथे तळ साधारण २०० मीटरनंतर एकदम खोल जातो, तिथे खालचे थंड पाणी वर येते, खाद्य वर येते आणि पक्षी जमतात. खोलीच्या रेषा आणि महिने नसलेला नकाशा ओळखीसाठी वापरू नये. आणि नकाशावरून नाव ठरवणे हा तर दुहेरी घोटाळा. 'इथे हाच असतो' म्हणून नाव दिले, ती नोंद जमा झाली, तिच्यावरून पुढचा नकाशा झाला, आणि त्याच नकाशावरून पुढच्याने नाव दिले. ही साखळी कोणीतरी तोडायला हवी.

किनाऱ्यावर मृत किंवा थकलेला पक्षी सापडतो तेव्हा मात्र पुस्तकातले आकडे कामाला येतात. मिटलेल्या पंखाची मनगटापासून टोकापर्यंतची लांबी, पिसांच्या कडेपासून टोकापर्यंत चोच, पायाच्या नळीची लांबी, शेपटी, हे मिलिमीटरमध्ये. प्रायन या छोट्या पेट्रेलांत चोचीची रुंदीही, कारण समुद्रावर त्यांच्या जाती वेगळ्या करणे बहुतेक वेळा अशक्य असते आणि हातात असताना रुंदी व कडेच्या दातऱ्यांवरून जमते. पंख पसरून दोन्ही बाजूंची छायाचित्रे, शेजारी पट्टी ठेवून. हातमोज्यांशिवाय स्पर्श करू नये. बर्ड फ्लूने अलीकडच्या वर्षांत समुद्रपक्ष्यांच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर ग्रासल्या आहेत. जिवंत पक्ष्याला पाण्यात ढकलू नये, तो बहुधा थकून किंवा उपाशी राहूनच किनाऱ्याला लागलेला असतो. वन विभागाला किंवा पशुवैद्याला कळवावे.

छपाईचे एकच सांगायचे. कुरवांच्या पाठीच्या राखाडी छटा चार रंगांच्या छपाईत सहज हिरवट किंवा जांभळट होतात, आणि मोठ्या कुरवांच्या जाती तर त्या छटेवरच अवलंबून. गंभीर अभ्यासक त्यासाठी कोडॅकची २० पायऱ्यांची करडी पट्टी वापरत आले आहेत. पुस्तकात छटेला क्रमांक दिला असेल तर रंगापेक्षा क्रमांकावर विश्वास ठेवावा. बांधणी शिवलेली हवी. नुसत्या डिंकाची पाने खाऱ्या दमट हवेत सुटतात, आणि सुटतात ती नेमकी स्टॉर्म पेट्रेलची, कारण तीच सारखी उघडली जातात.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. वाचकांनी पाठवलेली सागरी पक्ष्यांची छायाचित्रे आपण छापता, ती शक्यतो पंखाची टोके न कापता छापावीत. आकर्षक चौकट साधण्यासाठी नेमकी बाहेरची प्रायमरी कापली जाते आणि स्कुआचे दांडे मोजायची सोय राहत नाही. चित्राखाली तारीख आणि शक्य तर वाऱ्याचा जोर द्यावा. पाठवणाऱ्याने नाव खात्रीने सांगितले नसेल तर आपणही ते ठरवू नये. 'अवयस्क स्कुआ, आर्क्टिक किंवा लाँग-टेल्ड' एवढी ओळ छापली तरी चालेल. त्या छायाचित्राचे दांडे मोजून उरलेले काम करणारे वाचक आपल्याकडे आहेत.

आपले,
सागरी पक्ष्यांचे काही निरीक्षक